दारावरचा तराजू

गेल्या श्रावणात ओळखीच्या घरातला एक मुलगा हातात कागद घेऊन आला. कागदावर त्याने स्वतःचा हिशेब मांडला होता. दहावी 93 टक्के, बारावी 86, मेकॅनिकलची पदवी 7.4, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी 26 महिने, सराव-परीक्षेत 97 पर्सेंटाइल. खाली रेघ मारून लिहिले होते, 'आयआयएम?' "काका, तुम्ही उद्योगांच्या इतिहासाचं इतकं वाचता," तो म्हणाला, "सांगा ना, माझे चान्सेस किती?"

मी इंजिनिअर नाही आणि एमबीएही नाही. उद्योगधंद्यांवरची जुनी पुस्तके आणि अहवाल मिळतील तिथून जमवायचे आणि वाचायचे, एवढाच माझा पंचवीस-तीस वर्षांचा नाद. त्या संध्याकाळी मला त्याला धड उत्तर देता आले नाही. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. इंजिनिअर झालेल्या मुलाला व्यवस्थापनशाळेत प्रवेश मिळेल का, हा आज महाराष्ट्रातल्या घराघरांतला प्रश्न आहे आणि तो आजचाच असल्यासारखा विचारला जातो. प्रत्यक्षात त्याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. या काळात शाळेच्या दारावरचा तराजू एकच राहिला नाही. वजने बदलली, काटा बदलला, तोलणारे हात बदलले. इंजिनिअरची शक्यता त्याच्या गुणांवर जेवढी ठरली, त्याहून अधिक ती त्या त्या वेळी शाळेला कशाची उणीव भासत होती यावर ठरली. हे कसे घडले, ते इथे क्रमाने पाहू.

शाळा नव्हत्या तेव्हा

1 जानेवारी 1877 रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापन शिकवणारी विद्यापीठातली एकही शाळा तेव्हा जगात नामांकित नव्हती. मग गिरणी चालवणारा माणूस जमशेटजींनी कसा निवडला? त्यांनी दोन माणसे घेतली. यंत्रांसाठी जेम्स ब्रुक्सबी हा विलायतेतला जाणकार, आणि कारभारासाठी बेझनजी दादाभाई मेहता. बेझनजी हे जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले अधिकारी. कापडगिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. पण माल कुठून येतो, कुठे अडकतो, हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत कोणाशी कसे बोलायचे, हे त्यांना रेल्वेने शिकवलेले होते. जमशेटजींनी पारखले ते एवढेच. पुढे याच गिरणीत रिंग पद्धतीची चाती इतरांच्या आधी आली आणि 1886 मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधीही सुरू झाला. यंत्राचे आणि माणसांचे असे दोन्ही निर्णय त्याच एका छपराखाली झाले.

या निवडीत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. यंत्र जाणणारा आणि कारभार पाहणारा, ही दोन वेगळी माणसे असणार. मुंबईच्या गिरण्यांतही तशीच रीत होती. यंत्रखात्यावर विलायती मास्तर, पेढीवर एजंटाची माणसे आणि कामगारांवर जॉबर. इंजिनिअरने कारभाराच्या खुर्चीकडे पाहावे, असा रिवाज नव्हता. त्या खुर्चीवर त्याने पहिल्यांदा जाहीर हक्क सांगितला तो अमेरिकेत, शिकागो शहरात.

शिकागो, मे 1886

1 मे हा कामगार दिन ज्या घटनांमुळे झाला, त्या याच शहरात आणि याच महिन्यात घडल्या. आठ तासांच्या दिवसासाठी संप, 4 मेच्या सभेत हेमार्केट चौकात बॉम्ब, गोळीबार, धरपकड. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी त्याच शिकागोत अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचे अधिवेशन भरले. तिथे हेन्री टाउन यांनी एक निबंध वाचला. विषय होता, अर्थशास्त्रज्ञ म्हणून इंजिनिअर. टाउन हे कुलुपांच्या कारखान्याचे मालक. जुन्या घरांच्या दारांवर ज्या 'येल' नावाची कुलुपे दिसतात, त्या घराण्यातलाच हा कारखाना.

टाउन यांचे म्हणणे साधे होते. इंजिनिअरच्या वहीत फूट, पौंड आणि मिनिटांइतक्याच वेळा डॉलरचे चिन्हही येते. कारखाना चालवणे ही यंत्र बनवण्याइतकीच मोठी विद्या आहे. पण ती विद्या जमवायला, एकाचा अनुभव दुसऱ्याला सांगायला, ना नियतकालिक आहे ना संस्था. तेव्हा हे काम इंजिनिअरांनीच अंगावर घ्यावे आणि आपल्या संस्थेत त्यासाठी वेगळा विभाग काढावा.

पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज या निबंधात आहे. इंजिनिअर इथे प्रवेश मागायला आलेला नाही. 'हे घर माझेच आहे, अजून बांधायचे राहिले आहे,' असे तो म्हणतो आहे. त्याच शहरात तीन आठवड्यांपूर्वी ज्यांच्या कामाच्या तासांवरून रक्त सांडले, तो कामगार मात्र टाउन यांच्या मांडणीत मुख्यतः मजुरीच्या आणि खर्चाच्या रकान्यातून येतो. मुंबईत त्याच दशकात नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची संघटना बांधून आठवड्याची सुट्टी मागत होते. ती रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. कारखाना चालवण्याची विद्या काय असते, याबद्दल कामगारांपाशीही काही सांगण्यासारखे होते. ते कोणी लिहून घेणार का, हा प्रश्न त्या वेळी मागे राहिला.

प्रवेश मिळूनही न गेलेला

टाउन यांचा धागा फ्रेडरिक टेलर यांनी उचलला. टेलर यांची कथा या लेखाच्या विषयाला विलक्षण जुळते. फिलाडेल्फियातल्या सुखवस्तू घरातला हा मुलगा हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. पण डोळ्यांचा त्रास वाढला आणि तो हार्वर्डला गेलाच नाही. पंपांच्या कारखान्यात तो उमेदवार म्हणून साचे करायला शिकू लागला. 1878 मध्ये तो मिडव्हेल पोलाद कारखान्यात साधा मजूर म्हणून लागला आणि चढत चढत मुख्य इंजिनिअर झाला. स्टीव्हन्स संस्थेची यांत्रिकीची पदवी त्याने 1883 मध्ये, नोकरी करता करता मिळवली. हातात घड्याळ घेऊन प्रत्येक कामाचे तुकडे मोजायचे आणि त्यातून 'एकमेव उत्तम पद्धत' ठरवायची, ही त्याची रीत. 1911 मध्ये तिच्यावर त्याने पुस्तक लिहिले.

दरम्यान शाळा उभ्या राहू लागल्या होत्या. 1881 मध्ये जोसेफ व्हार्टन या निकेल आणि जस्ताच्या कारखानदाराने एक लाख डॉलर देऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्यापाराची शाळा काढली. 1908 मध्ये हार्वर्डने आपली शाळा सुरू केली आणि आधी कोणतीतरी पदवी असल्याशिवाय प्रवेश नाही, अशी अट घातली. एमबीए ही पदवी इथून सुरू झाली. पण दोन वर्षे शिकवायचे काय? अधिष्ठाता एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. शिकवण्याजोगे, शास्त्रासारखे दिसणारे काहीतरी त्यांना हवे होते. ते टेलरकडे होते. ही विद्या वर्गात नाही, कारखान्यात येते, अशी टेलर यांची धारणा होती, म्हणून ते आधी नाखूश होते. शेवटी मात्र ते व्याख्याने द्यायला जाऊ लागले. विद्यार्थी म्हणून ज्या हार्वर्डमध्ये ते गेले नाहीत, तिथे ते शिकवायला गेले.

म्हणजे या टप्प्यावर इंजिनिअरची 'शक्यता' किती, हा प्रश्नच उलटा होता. शाळेला इंजिनिअर मिळण्याची शक्यता किती, हे शाळा पाहत होती. बॉस्टनजवळच्या एमआयटीने तर 1914 मध्ये इंजिनिअरिंगच्या आतच कारभाराचा वेगळा अभ्यासक्रम काढला, क्रमांक पंधरा. त्याचीच पुढे 1952 मध्ये वेगळी शाळा झाली आणि 1964 पासून तिला जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांचे नाव मिळाले. स्लोन हे त्याच एमआयटीचे 1895 चे विजेच्या शाखेतले पदवीधर.

याच सुमारास मुंबईत काय होते? 1913 मध्ये सिडनहॅम कॉलेज सुरू झाले आणि वाणिज्याचे रीतसर शिक्षण आले. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज 1854 पासूनचे, मुंबईचे व्हीजेटीआय 1887 पासूनचे. पण या दोन वाटा एकमेकींना भेटत नव्हत्या. हिशेब शिकणारा यंत्राकडे फिरकत नसे आणि यंत्र शिकणारा हिशेबाकडे. दोन्ही वाटा एका माणसात आल्या, त्या शाळेबाहेर. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. जे. जे. स्कूलमध्ये ते ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये त्यांनी ते शिकवले, बेळगावात सायकली विकल्या आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव 1926 मध्ये एमआयटीतून यांत्रिकीची पदवी घेऊन परतले. टेल्को उभी करणारे सुमंत मुळगावकर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून इंजिनिअर झालेले. व्यवस्थापनाची पदवी या तिघांपैकी कोणाकडेच नव्हती.

काट्याची जागा परीक्षेने घेतली

टेलर यांच्या घड्याळाला विरोधही झाला. 1911 मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात कामगारांनी त्यावरून काम थांबवले, अमेरिकी संसदेने चौकशी नेमली आणि 1912 मध्ये टेलर यांना साक्ष द्यावी लागली. त्यानंतर व्यवस्थापनशाळांत हळूहळू वेगळे वारे आले. 1920 नंतर हार्वर्डने खऱ्या उद्योगांतले प्रसंग वर्गात मांडून त्यांवर वाद घालायची पद्धत रुजवली. घड्याळापेक्षा बोलणे आणि निर्णय यांना महत्त्व आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्जांची गर्दी झाली. अर्थशास्त्र, साहित्य, इंजिनिअरिंग, लष्कर अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या उमेदवारांना एकाच मापाने कसे तोलायचे? 1953 मध्ये नऊ शाळा एकत्र आल्या आणि 1954 मध्ये सामाईक परीक्षा सुरू झाली. हीच 1976 मध्ये जीमॅट झाली. या परीक्षेकडून अपेक्षा काय होती, हे नीट पाहिले पाहिजे. पहिल्या वर्षाच्या अभ्यासात विद्यार्थी किती गुण मिळवील, याचा अंदाज तिने द्यायचा होता. तो पुढे चांगला व्यवस्थापक होईल का, माणसे त्याच्याबरोबर काम करतील का, हे सांगण्याचा तिचा दावा नव्हता. आपण तिच्या गुणांतून माणसाची किंमत वाचू लागलो, तो दोष परीक्षेचा नाही.

1959 मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांचे अहवाल आले. अमेरिकेतल्या व्यवस्थापनशाळांचा दर्जा सुमार आहे, गणित वाढवा, संख्याशास्त्र आणा, वर्तनशास्त्रे आणा, असे दोन्ही अहवालांनी बजावले. शाळांची उणीव बदलली आणि दारावरचा काटा पुन्हा इंजिनिअरच्या बाजूला झुकला. गणिताची भीती नसलेला विद्यार्थी त्यांना हवा होता. तो तयार मिळत होता.

कलकत्ता, अहमदाबाद, पवई, चर्चगेट

भारतातल्या संस्था नेमक्या याच क्षणी जन्माला आल्या. नोव्हेंबर 1961 मध्ये कलकत्त्याची आयआयएम, एमआयटीच्या साहाय्याने. डिसेंबर 1961 मध्ये अहमदाबादची, हार्वर्डच्या साहाय्याने आणि विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने. 1963 मध्ये पवईच्या विहार तलावाजवळ नीटी, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने. तिच्या नावातच औद्योगिक अभियांत्रिकी होती. आज ती आयआयएम मुंबई आहे. 1965 मध्ये चर्चगेटला मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था, स्टॅनफर्डच्या साहाय्याने. चार वर्षांत चार संस्था.

कलकत्त्याकडे गणिताचा आणि अहमदाबादकडे प्रसंगचर्चेचा ओढा होता. पण देशाची गरज सारखीच होती. पोलाद, खते, अवजड यंत्रे यांचे सरकारी कारखाने उभे राहत होते आणि ते चालवणारी माणसे कमी होती. त्या कारखान्यांत इंजिनिअर होतेच. त्यांना कारभार शिकवणे हा सरळ मार्ग वाटला. प्रवेशाच्या दाराशी इंजिनिअरला तेव्हा आपले असणे समजावून सांगावे लागत नव्हते.

तरी अहमदाबादचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांना वेगळेच काही दिसत होते. 1972 मध्ये त्यांनी आपण होऊन संचालकपद सोडले आणि ते संस्थेत प्राध्यापक म्हणून राहिले. 1975 च्या सुमारास ते राजस्थानातल्या जवाजा भागात विणकर आणि चर्मकार यांच्याबरोबर काम करू लागले. ज्यांच्याकडे कौशल्य आहे पण बाजार नाही, त्यांना व्यवस्थापन म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्न. शिकागोत 1886 मध्ये मागे राहिलेला प्रश्न जवाजात असा पुन्हा समोर आला. कोणत्या प्रवेशपरीक्षेने जवाजासाठी विद्यार्थी निवडता आला असता, याचे उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

दहांतले आठ

पुढचा मोठा बदल व्यवस्थापनशाळांच्या दारात झाला नाही. तो महाराष्ट्राच्या मंत्रालयात झाला. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. कर्नाटकात ही वाट आधीच पडली होती. तालुक्याच्या गावी कॉलेजे निघाली. ज्या घरांत पदवी नव्हती, त्या घरांत इंजिनिअर आला. नव्वदीनंतर संगणक कंपन्यांनी सिव्हिल असो वा केमिकल, सगळ्या शाखांची मुले उचलली. इंजिनिअरिंग ही विशिष्ट विद्या राहिली नाही. 'मुलगा हुशार आहे' हे सांगण्याची ती एक रीत झाली. अशा मुलाला चार वर्षांनी आपल्या हुशारीची पुढची पावती हवी होती. ती कॅट नावाच्या परीक्षेत होती.

या परीक्षेत भाषा, माहितीची मांडणी व तर्क, आणि अंकगणित असे तीन भाग असतात. वेळ कमी, चुकलेल्या उत्तराला गुण वजा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी अकरावी-बारावीत ज्याने दोन वर्षे नेमका हाच सराव केला, त्याला हे मैदान ओळखीचे असते. कला शाखेची मुलगी इतिहासाचे दीर्घोत्तरी पेपर लिहून इथे येते, तेव्हा तिचा पहिला सामना घड्याळाशी असतो. शतक उलटले तरी टेलर यांचे घड्याळ तिथे आहेच, आता ते पडद्याच्या कोपऱ्यात उलटे मोजते. परिणाम सर्वांना ठाऊक आहे. जुन्या आयआयएमच्या अनेक तुकड्यांत दहांपैकी आठ-नऊ विद्यार्थी इंजिनिअर असू लागले.

यातून आपल्याकडे एक गोड गैरसमज पसरला. वर्गात दहांतले आठ इंजिनिअर, म्हणजे इंजिनिअरला संधी मोठी. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा 1000 अर्ज आले, त्यांत 700 इंजिनिअरांचे. जागा 100. त्यांपैकी 80 जागा इंजिनिअरांना मिळाल्या. वर्गात ते 80 टक्के दिसतील, पण दारात उभ्या असलेल्या इंजिनिअरची शक्यता 700 पैकी 80, म्हणजे साधारण नवांत एक. उरलेल्या 300 अर्जदारांना 20 जागा, म्हणजे पंधरांत एक. इंजिनिअर थोडा पुढे आहे खरा, पण तो समजतो तितका नाही. आत गेलेल्यांना मोजून बाहेर राहिलेल्यांचा अंदाज येत नाही. गर्दी वाढली की त्याची तुलना कला शाखेच्या मुलीशी होतच नाही, शेजारच्या बाकावरच्या दुसऱ्या इंजिनिअरशी होते.

पर्सेंटाइलचेही तसेच. अडीच-तीन लाख मुले परीक्षेला बसली, तर 99 पर्सेंटाइल म्हणजे आपल्या पुढे अडीच-तीन हजार मुले. एकेका जुन्या संस्थेत जागा साधारण चारशे-पाचशे. 97 पर्सेंटाइल म्हणजे पुढे साडेसात ते नऊ हजार. आकडा शंभराच्या जवळ आहे म्हणून दार जवळ आहे, असे होत नाही.

वजने बदलली

एकाच साच्याच्या वर्गाचा तोटा शाळांनाही जाणवू लागला. प्रसंगचर्चेची पद्धत मतभेदावर चालते. सगळ्यांनी एकाच तऱ्हेने गणित मांडले, तर चर्चा कशावर करायची? शिवाय इंजिनिअरिंगमध्येच मुली कमी असल्याने त्यांची कमतरता या वर्गांतही उतरली. 2013 च्या सुमारास कोळिकोड आणि लखनौ यांसारख्या आयआयएमनी मुलींना आणि इंजिनिअर नसलेल्यांना निवडीत थोडे जादा गुण द्यायला सुरुवात केली. अहमदाबादच्या निकषांत पदवीच्या शाखेनुसार गट पाडून प्रत्येक गटातल्या वरच्यांना मुलाखतीला बोलावण्याची सोय आहे. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, नोकरीचे महिने, यांनाही वजन आले. अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण होतेच, 2006 च्या कायद्याने इतर मागासवर्गीयांना 27 टक्के जागा आल्या, 2019 पासून आर्थिक दुर्बलांना 10 टक्के.

परदेशी शाळांच्या दारातही चित्र फार निराळे नाही. तिथे जीमॅटच्या गुणांबरोबर निबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखत असते. भारतातून येणाऱ्या अर्जांत पुन्हा इंजिनिअरच अधिक. गुण चांगले, नोकरी संगणक कंपनीतली, निबंधात नेतृत्वाची इच्छा. अर्ज वाचणाऱ्याला शंभरावा अर्ज पहिल्यासारखाच दिसत असेल, तर त्यात त्याचा काय दोष?

याला इंजिनिअर मुले अन्याय म्हणतात. "आम्ही जास्त अभ्यास केला, मग आमचे गुण कमी का मोजता?" त्यांचा राग मला कळतो. ज्या घराने शेत गहाण टाकून कॉलेजची फी भरली, त्या घरातल्या मुलाला 'तुझ्यासारखे फार झाले' हे ऐकवणे सोपे नाही. पण इतिहास असे दाखवतो की, इंजिनिअरला मिळालेली पूर्वीची झुकती मापेही त्याच्या एकट्याच्या कर्तृत्वाची नव्हती. 1908 मध्ये शाळेला शास्त्र हवे होते, 1959 मध्ये गणित हवे होते, 1961 मध्ये देशाला कारखाने चालवणारे हवे होते. तेव्हा काटा त्याच्याकडे झुकला, तो त्याने न्याय मानला. आता शाळेला दुसरे काही हवे आहे. काटा पूर्वीही गरजेनेच हलत होता.

या झुकलेल्या काट्याचा आणखी एक खर्च आहे, तो कोणत्याच निकषात मोजला जात नाही. टाउन यांच्या स्वप्नातला इंजिनिअर कारभार शिकून कारखान्यातच परतणार होता. आपल्याकडे चार वर्षे यंत्र शिकलेला मुलगा दोन वर्षे कारभार शिकतो आणि बहुतेकदा बँकेत, सल्लागार कंपनीत किंवा साबण विकायला जातो. त्यात कमीपणा काही नाही. पण लेथसमोर उभा राहून हिशेब करणारा माणूस, ज्याच्यासाठी ही शाळा मुळात कल्पिली गेली, तो मधल्या मध्ये गळाला.

26 महिने

भाद्रपदात तो मुलगा पुन्हा आला. मी त्याला वरचा हिशेब दाखवला. 97 वर जुन्या संस्थांची आशा फार धरू नकोस, नव्या संस्था, नीटीची आजची आयआयएम आणि बजाज यांचे निकष स्वतंत्रपणे नीट वाच, आणि 'इंजिनिअर' या शब्दावर काही जादा मिळेल असे समजू नकोस, असे सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

मग मी कागदावरच्या '26 महिने'वर बोट ठेवले. "यात काय केलंस?"

"क्वालिटी."

"म्हणजे काय?"

तो थोडा अडखळला आणि मग सांगू लागला. एका सीएनसी मशीनवर दर पाळीत काही नग मापाबाहेर जात होते. त्याने दोन आठवडे मोजमापे घेतली, तक्ते काढले. कारण सापडेना. शेवटी दुसऱ्या पाळीतल्या जुन्या ऑपरेटरला विचारले. तो म्हणाला, "चहाच्या सुट्टीनंतरचे पहिले पाच-सहा नगच जातात साहेब. मशीन थंड होतं." त्याला हे कित्येक वर्षे माहीत होते. सुट्टीनंतर मशीन थोडा वेळ रिकामे फिरवायचे आणि पहिले नग वेगळे मोजायचे, एवढ्याने काम झाले. अहवालाच्या छापील नमुन्यात ऑपरेटरच्या नावाला जागा नव्हती. यांनी ते समासात लिहिले.

"हे कागदावर का नाही लिहिलंस?"

"यात माझं काय आहे काका? सांगितलं तर त्यांनी."

मला टेलर आठवले, हातात घड्याळ घेतलेले. मिडव्हेलच्या खात्यातल्या कामगारांना किती गोष्टी माहीत असतील आणि त्यांतल्या किती त्या घड्याळात मावल्या असतील. बेझनजी आठवले, ज्यांना गिरणी ठाऊक नव्हती पण कोणाला काय विचारावे ते ठाऊक असावे. दारावरचा तराजू आज महिने मोजतो. त्या महिन्यांत कोणाला काय विचारले, हे मोजायला मुलाखतीची दहा-वीस मिनिटे उरतात, तीही बोलावणे आले तर.

त्याने कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ऑपरेटरचे नाव लिहिले. खाली लिहिले, 'चहाची सुट्टी'. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याची परीक्षा आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ती व्हायची असेल.